एकाच गाण्याची अनेक रूपे : रॉकमधील ‘सर्वोत्तम लाइव्ह’चा वाद नेमका कशावर असतो?

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यात शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. गेल्या पौषात यावल रस्त्यालगतच्या एका मळ्यात आम्ही सात-आठ मित्र असेच जमलो होतो. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकरीचे पीठ मळून तयार होते आणि बाजेवर ठेवलेल्या लहानशा स्पीकरवर ईगल्स या अमेरिकी बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजत होते. ते १९७६ सालचे मूळ गाणे नव्हते; १९९४ साली निमंत्रित श्रोत्यांसमोर वाजवलेले रूप होते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेला आणि रॉक संगीत आम्हा सर्वांच्या आधी ऐकलेला आमचा एक मित्र म्हणाला, की हे रूप मूळ गाण्याहून सरस आहे. धुळ्याहून आलेल्या मित्राने त्याला लगेच अडवले. त्याच्या मते तुलनेचा प्रश्नच येत नव्हता, कारण १९९४ सालचे गाणे हे ते गाणेच नव्हे. वांगी भाजून, सोलून, ठेचून झाली तरी वाद चालूच होता. मळ्याच्या मालकाचा कॉलेजात शिकणारा पुतण्या बराच वेळ ऐकत बसला होता. शेवटी त्याने विचारले, “गाणं तेच, गाणारे तेच, वाजवणारेही तेच, मग काका, तुमचं भांडण नेमकं कशावरून चाललंय?”

प्रश्न अगदी योग्य होता आणि त्या रात्री आमच्यापैकी कोणीही त्याचे धड उत्तर दिले नाही. माझ्या मते उत्तर असे आहे, की ‘सर्वोत्तम लाइव्ह’च्या, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवलेले कोणते रूप सर्वांत चांगले या, वादात एकाच वेळी तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात : त्या रात्री बँडने ते गाणे कसे वाजवले, ते वादन टेपवर कसे उतरले, आणि उतरलेल्या टेपवर नंतर स्टुडिओत काय काम झाले. एक माणूस पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो, दुसरा तिसऱ्याचे, आणि दोघांना वाटते की आपण एकाच गोष्टीवर बोलतो आहोत. हे प्रश्न सुटे केले, तर वादाचा बराचसा भाग निव्वळ आवडीनिवडीचा उरत नाही. त्याला पुरावा देता येतो, पडताळून पाहता येते.

मुळात हा वाद रॉक संगीतातच इतका का पेटतो, हे आधी पाहू. आपल्याकडे श्रावणात कानबाई बसते, तेव्हा गावोगावी बाया जी गाणी म्हणतात त्यांचे ‘मूळ’ रूप कोणते, असे कोणी विचारत नाही. माझ्या आजोळच्या बाया एक कडवे म्हणत, शेजारच्या गावच्या बाया त्यात दुसरे घालत, आणि दोन्ही बरोबर असत. वहीगायन या आमच्याकडच्या लोकगायनातही सवालाला जवाब देताना गाणाऱ्याने रचना तिथल्या तिथे वाढवणे अपेक्षितच असते. शास्त्रीय संगीताचे तर बोलायलाच नको. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तेथे एखाद्या गायकाने गेल्या वर्षीचीच बंदिश पुन्हा मांडली, तर आदल्या वर्षीची प्रत्येक तान जशीच्या तशी आली पाहिजे असा आग्रह कोणी धरत नाही. या परंपरांत मैफल हीच पहिली गोष्ट असते आणि ध्वनिमुद्रण ही तिची मागाहून घेतलेली नोंद असते. चित्रपटगीताचे याच्या उलट आहे. तेथे रेकॉर्ड हेच गाणे, आणि ऑर्केस्ट्रातील गायक त्या रेकॉर्डच्या जितका जवळ जाईल तितका तो चांगला.

रॉक या दोहोंच्या मधोमध उभे आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रॉक बँडनी स्टुडिओत महिनोन्‌महिने खपून रेकॉर्ड घडवल्या, म्हणजे चित्रपटगीतासारखे एक पक्के, अंतिम रूप तयार केले. आणि त्याच बँडचे आदर्श ब्लूज व जॅझ वाजवणारे कलावंत होते, त्यामुळे रंगमंचावर गेल्यावर तेच गाणे रागासारखे फुलवणे हाही त्यांचा धर्म होता. श्रोत्याच्या मनात दोन्ही अपेक्षा एकदम जाग्या होतात. त्याला ओळखीचे सूर हवे असतात आणि न ऐकलेलेही काही हवे असते. यातले कोणते किती हवे, यावर माणसे आयुष्यभर भांडतात.

स्टुडिओत काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. लेड झेपेलिनच्या १९७१ सालच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ या आठ मिनिटांच्या गाण्यात सुरुवातीला बासरीसारखी रेकॉर्डर नावाची वाद्ये एकावर एक रचलेली आहेत, पुढे बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार येते आणि शेवटचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारने रंगवलेला भाग, वेगळ्याच गिटारवर वाजवलेला आहे. बँडमध्ये माणसे चार आणि गिटार वाजवणारा एकटा जिमी पेज. स्टुडिओत एकाच माणसाला चार वेळा वाजवून ते चारही थर एकत्र ऐकवता येतात. रंगमंचावर त्याला दोनच हात असतात. म्हणून पेजने दोन माना असलेली गिटार वापरली, जिच्या वरच्या मानेवर बारा तारा आणि खालच्या मानेवर सहा होत्या, आणि रेकॉर्डरचे काम जॉन पॉल जोन्स यांच्या कीबोर्डवर गेले. हे गाणे प्रत्यक्ष कार्यक्रमात थरांच्या हिशोबाने गरीब होते. पण तेथे सोलोची लांबी आधी ठरलेली नसते. रेकॉर्डवर मिनिटभरात आटोपलेली गोष्ट पेज एखाद्या रात्री दोन-तीन मिनिटे खेळवत राहतो. ज्याला गाण्यात रचना महत्त्वाची वाटते तो स्टुडिओच्या बाजूने बोलतो, आणि ज्याला विस्तार महत्त्वाचा वाटतो तो रंगमंचाच्या. दोघेही खरे बोलत असतात.

क्वीनच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’मध्ये ही अडचण टोकाला गेली. त्या गाण्याच्या मधला ऑपेरासारखा भाग तीन गायकांनी स्टुडिओत पुन:पुन्हा गाऊन, आवाजांचे थर चढवून बनवलेला आहे. तो रंगमंचावर गाणे शक्यच नव्हते. म्हणून कार्यक्रमांत बँड त्या भागाला मंचावरून आत जात असे, टेप वाजत असे आणि पुढच्या जोरकस भागाला मंडळी परत येत. या गाण्याच्या ‘सर्वोत्तम लाइव्ह रूपा’वर वाद घालणाऱ्यांनी आपण नेमक्या कोणत्या मिनिटांची तुलना करतो आहोत, हे आधी सांगितले पाहिजे.

आता रंगमंच गाण्याला काय देतो, ते पाहू. माझ्या लेखी याचे सर्वांत मोठे उदाहरण ऑलमन ब्रदर्स बँडचे ‘व्हिपिंग पोस्ट’ हे आहे. १९६९ सालच्या रेकॉर्डवर हे गाणे पाच मिनिटांहून थोडे अधिक आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात त्यांनी जे कार्यक्रम केले आणि ज्यांची रेकॉर्ड त्याच वर्षी जुलैत निघाली, तीत हेच गाणे सुमारे तेवीस मिनिटे चालते. गाण्याच्या सुरुवातीची ओळ अकरा मात्रांची आहे, हे तबल्याची थोडी जाण असलेल्या मराठी श्रोत्याला लगेच कळेल आणि आवडेल. पुढे दोन गिटार आळीपाळीने बोलू लागतात, लय हळूहळू विरघळते, एका क्षणी गाणे जवळजवळ थांबते, आणि मग दुरून परत आपल्या समेकडे येते. ज्याने रात्रीच्या उत्तरार्धात रंगलेला विलंबित ख्याल ऐकला आहे, त्याला या तेवीस मिनिटांची लांबी खटकणार नाही. त्या मैफिलीनंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९७१ मध्ये, ड्युएन ऑलमन हा त्यांचा गिटारवादक मोटरसायकलच्या अपघातात वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. हे माहीत असल्यामुळे श्रोता त्या रेकॉर्डला झुकते माप देतो, असा आक्षेप घेतला जातो. मी ही रेकॉर्ड हे काही माहीत नसताना ऐकली होती आणि तरीही दोन दिवस दुसरे काही ऐकू शकलो नव्हतो.

कधी रंगमंचाने गाण्याचा वेग बदलतो आणि त्याचे नशीबही बदलते. चीप ट्रिक या बँडचे ‘आय वाँट यू टू वाँट मी’ हे गाणे १९७७ साली निघाले, तेव्हा अमेरिकेत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. एप्रिल १९७८ च्या जपान दौऱ्यात तेच गाणे अधिक वेगात, अधिक दणक्यात वाजवले गेले, समोर जपानी श्रोत्यांचा कल्लोळ होता, आणि ते रूप १९७९ साली अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढले. पीटर फ्रॅम्प्टनचेही तसेच झाले. त्याच्या आधीच्या स्टुडिओ रेकॉर्ड जेमतेम चालल्या आणि १९७६ च्या जानेवारीत आलेल्या लाइव्ह रेकॉर्डने त्याला घरोघरी पोचवले. अशा गाण्यांबाबत ‘मूळ’ हा शब्दच फसवा ठरतो. लोकांनी ज्याला मूळ मानले, ते काळाच्या हिशोबाने दुसरे होते.

येथे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’कडे परत येतो. १९९४ च्या रूपात ईगल्सनी इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवल्या, आरंभी स्पॅनिश धाटणीची नवी गत जोडली आणि कोंगा या हाताने वाजवायच्या वाद्याचा ठेका त्याखाली ठेवला. समोरच्या श्रोत्यांना पहिला जवळजवळ मिनिटभर गाणे कोणते ते कळत नाही. मग ओळखीची स्वरसंगती येते आणि एकदम आरोळी उठते. ती आरोळीही त्या रूपाचा भाग आहे, आणि कितीही चांगला स्टुडिओ ती निर्माण करू शकणार नाही. आमच्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्पीकर विकत घ्यायला दुकानात गेले, की दुकानदार हमखास हेच गाणे लावून दाखवीत, कारण त्या कोंगाचा खोल ठोका ऐकून गिऱ्हाईक लगेच खिशात हात घाली. माझ्या भुसावळच्या मित्राची या रूपावरची भक्ती तेव्हापासूनची आहे. धुळ्याच्या मित्राचे म्हणणे असे, की गाण्याच्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांची इलेक्ट्रिक गिटारची जी जुगलबंदी आहे, तिच्या तारांतली धार म्हणजेच ते गाणे, आणि धार काढून घेतल्यावर उरते ती त्याची आठवण. त्याने १९७७ सालच्या अमेरिकेतील कार्यक्रमाचे चित्रीकरण लावून दाखवले, जेथे तीच जुगलबंदी विजेच्या गिटारींवर, प्रेक्षकांसमोर आणि तितकीच नेमकी वाजते. मला त्याचे म्हणणे पटले. १९९४ चे रूप ही नवी बांधणी आहे. तिची तुलना एरिक क्लॅप्टनने १९९२ मध्ये संथ करून वाजवलेल्या ‘लैला’शी व्हावी. जुन्या रूपाची बरोबरी तिच्याशी लावणे हे ठुमरी आणि भजन यांची तुलना केल्यासारखे आहे.

मात्र एक गोष्ट ‘मूळच खरे’ म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. १९७६ सालचे ते मूळ रूप एका दमात वाजवलेले नाही. निर्माता बिल सिम्झिक यांनी सांगितल्याप्रमाणे निरनिराळ्या खेपांचे चांगले भाग टेप कापून एकमेकांना जोडले गेले. मूळ म्हणून ज्याला आपण मिठी मारतो, ते त्या सलगतेने कोणी कधी वाजवलेच नव्हते.

वादाचा दुसरा पदर ध्वनिमुद्रणाचा आहे आणि माझ्या अनुभवाने सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतात. प्रत्यक्ष कार्यक्रम तीन प्रकारे टेपवर येऊ शकतो. पहिल्या प्रकारात श्रोत्यांपैकी कोणीतरी स्वतःचा मायक्रोफोन आणि टेपरेकॉर्डर घेऊन बसतो. त्यात सभागृहाचा घुमारा, शेजाऱ्याचे बोलणे आणि टाळ्या येतात, पण त्या जागी बसलेल्याला जे ऐकू आले ते बऱ्याच अंशी प्रामाणिकपणे येते. दुसऱ्या प्रकारात ध्वनियंत्रणेच्या मिक्सरमधून थेट तार जोडून टेप केली जाते. ही टेप स्वच्छ असते, पण तिच्यात एक खोड असते, जी लग्नाच्या बँडवाल्यांनाही चांगली ठाऊक आहे : ज्या वाद्याचा आवाज मंचावर मुळातच मोठा असतो ते मिक्सरमधून फारसे पाठवले जात नाही, कारण ते लोकांना तसेच ऐकू येते. लहान सभागृहातील अशा टेपमध्ये त्यामुळे गायक कानाशी येऊन गातो आहे असे वाटते आणि गिटार दुसऱ्या खोलीत वाजल्यासारखी येते. अशी टेप ऐकून ‘त्या रात्री गिटार फिकी होती’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात, आणि तो निष्कर्ष चुकीचा असतो. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक वाद्य टेपच्या वेगळ्या पट्टीवर घेतले जाते, म्हणजे नंतर सावकाशीने तोल साधता येतो. अधिकृत लाइव्ह रेकॉर्ड बहुतेक अशाच बनतात.

कॅसेटच्या काळातील आणखी एक गोष्ट सांगतो. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास वेगाने फिरते. एखाद्याचा टेपरेकॉर्डर सुमारे सहा टक्क्यांनी वेगात चालत असेल, तर गाणे अर्ध्या स्वराने चढते. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते आणि लयही तेवढीच वाढते. मग त्या कॅसेटची नक्कल, तिची नक्कल, असे करत ती भुसावळपर्यंत येईतो ऐकणाऱ्याला वाटते, की त्या रात्री बँड काय विलक्षण जोशात होता! आमच्या मित्रमंडळीत एका कॅसेटवरून असा गैरसमज कित्येक वर्षे टिकला होता. पुढे योग्य वेगाची प्रत मिळाली, हार्मोनियमवर पट्टी तपासली, आणि तो जोश टेपरेकॉर्डरच्या मोटरीचा होता हे कळले. उलट प्रकारही घडतो. वय वाढल्यावर बरेच गायक पट्टी उतरवून गातात. ते ऐकून कोणी ‘टेप मंद आहे’ म्हणतो, तेव्हा ती टेप अगदी बरोबर असते.

टेपवर लिहिलेले नावही नेहमी खरे नसते. बॉब डिलन यांचा मे १९६६ मधील एक कार्यक्रम चोरट्या रेकॉर्डवर अनेक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने फिरत होता. प्रत्यक्षात तो १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झाला होता. डिलन यांनी लोकगीतांची साधी गिटार सोडून विजेची गिटार हाती घेतल्याने चिडलेल्या एका श्रोत्याने ‘जूडास’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) अशी हाक मारली, ती याच कार्यक्रमात. १९९८ साली त्याची अधिकृत रेकॉर्ड निघाली, तेव्हाही रॉयल अल्बर्ट हॉल हे चुकीचे नाव अवतरणचिन्हांत ठेवून दिले होते, इतके ते रूढ झाले होते.

कोणती टेप हाताशी होती यावरही मते घडतात. ग्रेटफुल डेड या बँडने श्रोत्यांना टेप करू दिले आणि १९८४ पासून त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागाही ठेवली. त्यांच्या हजारो कार्यक्रमांपैकी ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातील कार्यक्रम सर्वांत थोर मानला जातो आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहातही तो घेतला गेला आहे. वादन उत्तम आहेच. पण बेटी कँटर-जॅक्सन या त्यांच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी घेतलेली ती टेप इतकी सुरेख होती आणि इतक्या हातांत गेली, की तिच्याशी तुलना करायला तितक्याच चांगल्या प्रतीची दुसरी टेप अनेकांकडे नव्हती, हेही तिच्या कीर्तीचे कारण आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण त्यात खरेखोटेपणाचा मुद्दा येतो. अधिकृत लाइव्ह रेकॉर्डपैकी कित्येक नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेल्या असतात. थिन लिझीच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध लाइव्ह रेकॉर्डचा मोठा भाग स्टुडिओत पुन्हा वाजवला होता, असे तिचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी सांगत आला आणि बँडमधील मंडळींनी ते नाकारले. लेड झेपेलिनच्या २००३ साली निघालेल्या लाइव्ह संचात जून १९७२ मधील लॉस एंजलिस आणि लाँग बीच येथील दोन वेगळ्या रात्री अशा मिसळल्या आहेत, की ऐकणाऱ्याला एकच कार्यक्रम वाटावा.

या बाबतीत द हू या ब्रिटिश बँडची कथा मला फार बोलकी वाटते. त्यांनी १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात कार्यक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी हल या शहरात. रेकॉर्डसाठी हलचा कार्यक्रम विचारात होता, पण त्या टेपमधील सुरुवातीच्या काही गाण्यांत बास गिटार उतरलीच नव्हती, म्हणून लीड्सची टेप वापरली गेली. साध्या तपकिरी वेष्टनात, अवघी सहा गाणी घेऊन ती रेकॉर्ड निघाली आणि रॉकमधील सर्वश्रेष्ठ लाइव्ह रेकॉर्ड म्हणून आजही तिचे नाव घेतले जाते. १९९५ साली तिची वाढवलेली प्रत आली, २००१ साली जवळजवळ सगळा कार्यक्रम आला. आणि २०१० साली हलचा कार्यक्रमही काढण्यात आला, त्यात ज्या गाण्यांत बास नव्हती तेथे आदल्या रात्रीची लीड्सची बास बसवली गेली. बास वाजवणारा तोच जॉन एंटविसल, गाणी तीच, पण ड्रम आणि गिटार हलच्या रात्रीचे आणि बास लीड्सच्या रात्रीची. अशा गाण्याला कोणत्या रात्रीचे म्हणायचे? माझे मत असे, की ते ऐकण्याजोगे जरूर आहे, पण स्पर्धेत धरण्याजोगे नाही. लाइव्ह वादनाचे सारे मोल चार माणसांनी त्या क्षणी एकमेकांचे ऐकून वाजवण्यात असते. एंटविसल लीड्सच्या ड्रमला उत्तर देत होता. हलच्या ड्रमने त्याला काही विचारलेच नव्हते. चुकलेला सूर नंतर नीट करणे मी समजू शकतो, जोडलेला संवाद मला मान्य होत नाही.

या दृष्टीने डीप पर्पलची ‘मेड इन जपान’ ही रेकॉर्ड शिकण्यासाठी सर्वांत सोयीची आहे आणि नवख्या श्रोत्याला मी नेहमी तीच सुचवतो. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाकात आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुडोकानमध्ये असे तीन कार्यक्रम मार्टिन बर्च याने टेप केले आणि तिन्ही रात्रींतून सात गाणी निवडली : चार १६ तारखेची, दोन टोकियोची आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे एकच पहिल्या रात्रीचे. नंतर भर घातलेली नाही अशीच तिची ख्याती आहे. १९९३ साली या तीन रात्रींच्या बऱ्याचशा टेप वेगळ्या संचात निघाल्या, त्यामुळे निवड करणाऱ्याने काय घेतले आणि काय सोडले, ते कोणालाही पडताळता येते. आम्ही त्या मळ्यात पुढच्याच रविवारी हे केले. ‘चाइल्ड इन टाइम’ हे गाणे तिन्ही रात्रींचे ओळीने लावले. या गाण्यात इयन गिलन हा गायक शब्दांवाचून वरच्या सप्तकात तीन पायऱ्यांनी चढत जातो आणि शेवटची पायरी किंकाळीच्या टोकाला टेकते. रेकॉर्डवर निवडलेल्या १६ तारखेच्या रूपात त्या चढणीआधी ऑर्गन आणि ड्रम इतके खाली येतात, की सभागृहातली शांतता ऐकू येते. ती शांतता रचनेतच आहे, पण त्या रात्री ती किंचित अधिक ताणली गेली आहे. मळ्याच्या मालकाला इंग्रजी रॉकची काही ओढ नाही. तो आयुष्यभर बँडची अहिराणी गाणी ऐकत आला आहे. तारखा न सांगता तिन्ही रूपे ऐकवल्यावर त्याने नेमके तेच रूप निवडले आणि म्हणाला, “गानं तेच शे, पन त्यामा जीव आते उना.” (गाणं तेच आहे, पण त्यात जीव आता आला.)

मोठ्या मैदानातील कार्यक्रमांबाबत एक शास्त्रीय गोष्ट सांगून पुढे जातो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ठोका जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली मैदानावर क्वीनने ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात सुमारे एकवीस मिनिटे वाजवले, तेव्हा ‘रेडिओ गा गा’च्या वेळी हजारो हात वर जाताना दिसतात ते पुढून मागे सरकणाऱ्या लाटेसारखे. तो कार्यक्रम थोर ठरतो तो फ्रेडी मर्क्युरीने त्या एवढ्या मोठ्या जमावाला एका लयीत बांधल्यामुळे. सुट्या गाण्यांचे उत्तम रूप म्हणून मात्र मी त्याच्याकडे पाहत नाही, कारण वेळेच्या बंधनामुळे बरीच गाणी छाटलेली होती. उत्तम मैफल आणि उत्तम रूप या वेगळ्या गोष्टी आहेत.

राहता राहिला आमच्या मंडळींतला सर्वांत जुना वाद, पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’चा. १९७९ सालच्या या गाण्यात डेव्हिड गिलमोरचे गिटारचे दोन सोलो आहेत, आणि दुसऱ्याची लांबी प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याच्या मर्जीवर असते. १९८०-८१ च्या कार्यक्रमांत तो हा सोलो मंचावर रचलेल्या भिंतीच्या माथ्यावर उभा राहून वाजवीत असे. धुळ्याच्या मित्राचे मत ऑक्टोबर १९९४ च्या लंडनमधील अर्ल्स कोर्टच्या रूपाला आहे. तेथे सोलो रेकॉर्डहून कितीतरी लांब आहे, ध्वनिमुद्रण निर्दोष आहे आणि एकही सूर वाया गेलेला नाही. भुसावळचा मित्र २ जुलै २००५ च्या हाइड पार्कचे रूप पुढे करतो, कारण तेव्हा बँडचे चौघेही चोवीस वर्षांनी एकत्र आले होते. मी त्याला नेहमी सांगतो, की तो प्रसंग मोठा होता, वादन साधे होते, आणि प्रसंगाचे गुण वादनाला देऊ नयेत.

माझी निवड २६ ऑगस्ट २००६ ची आहे, पोलंडमधील ग्दान्स्क येथील जहाजबांधणीच्या आवारातली. कार्यक्रम गिलमोरचा स्वतंत्र होता, पण कीबोर्डवर त्याचा जुना सोबती रिचर्ड राइट होता आणि मूळ गाण्यात रॉजर वॉटर्सने गायलेली कडवी येथे राइटने गायली. राइटचा आवाज पातळ आहे, थोडा थरथरतो, आणि त्यामुळेच ते कडवे व त्याला उत्तर देणारा गिलमोरचा भरदार स्वर यांतले अंतर या रूपात जितके कळते तितके अर्ल्स कोर्टच्या रूपात मला कळत नाही, कारण तेथे ती कडवी एकाहून अधिक गायक मिळून गातात. शेवटच्या सोलोत गिलमोर सूर अधिक वेळ धरून ठेवतो, आणि सुरांमधल्या त्या मोकळ्या जागांत राइटचा ऑर्गन आत सरकतो. दोन माणसे तीस-पस्तीस वर्षे एकत्र वाजवत असल्याखेरीज एवढी जागा एकमेकांसाठी सोडता येत नाही. या कार्यक्रमाची रेकॉर्ड सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आली, राइटच्या निधनानंतर अवघ्या आठवड्याभराने.

धुळ्याचा मित्र हे सगळे शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, की मी कडव्यांवर निवड केली आहे, त्याने सोलोवर. ते खरे आहे. पुढच्या भरीत पार्टीला दोन्ही रूपांचे फक्त सोलो तेवढे काढून, त्या पुतण्याला तारीख न सांगता ऐकवायचे, असे आमचे ठरले आहे.